‘ओपेक टाइप’ला मराठीत काय म्हणावे?

कपाशी: सी भाषेतील लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) पायथन भाषेतून कशी वापरावी, यावर मी तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलांसाठी मराठी टिपणे लिहीत आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या लायब्ररीतून डेटाबेस उघडला की जोडणीचा मेमरीतील एक पत्ता हाती येतो. त्या पत्त्यावरील रचना आपल्याला दाखवलेली नसते, आपण तो जसाच्या तसा पुढच्या फंक्शनांना द्यायचा आणि शेवटी बंद करण्यासाठी त्याच लायब्ररीकडे सोपवायचा. याला मी ‘अपारदर्शक प्रकार’ म्हटले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात काही घोटाळा असतो का?” तिने ‘अपारदर्शक कारभार’ एवढेच वाचलेले आहे. दुसरा शब्द सुचवावा.

तिफण: भाऊ, ‘झाकली मूठ’ म्हणावे. आतली रचना कुणी पाहिलेली नसते म्हणूनच पुढच्या आवृत्तीत ती बदलली तरी आपला प्रोग्रॅम मोडत नाही. सव्वा लाखाची किंमत आहे ती तीच.

पळसपान: झाकल्या मुठीत काय आहे हे मूठ ज्याची त्याला ठाऊक असते, इथे धरणाराच अनभिज्ञ आहे. बातम्यांनी मळवला म्हणून शास्त्रातला रुळलेला शब्द टाकून देणे मला पटत नाही.

थप्पी: आमच्या घरचे सोयाबीनचे गोदाम आहे, म्हणून मला ‘पावती’ सुचते. थप्पी कुठे लागली हे शेतकरी पाहत नाही, पावती दाखवून माल नेतो. पावती मात्र अखंड हवी. सी लायब्ररी वापरण्याच्या पायथनमधील सीटाइप्स या साधनाला फंक्शनचा परतीचा प्रकार सांगितला नाही, तर ते इंट म्हणजे पूर्णांक धरून चालते, 64 बिटांच्या पत्त्याचे 32 बिटच हाती उरतात आणि प्रोग्रॅम कोसळतो. या एका चुकीपायी माझ्या दोन रात्री गेल्या आहेत.

पळसपान: पावतीवर वाण आणि वजन लिहिलेले असते, ताडून पाहता येते. शिवाय गोदामवाला थप्पी हलवू शकतो. पत्ता दिल्यावर लायब्ररीला ती वस्तू हलवता येत नाही. युनिक्समध्ये फाइल उघडल्यावर मिळणाऱ्या क्रमांकाला पावती म्हणा, पॉइंटरला म्हणजे अशा पत्त्याला नको.

तिफण: ताई, मग अशा हाती येणाऱ्या खुणेला इंग्रजीत जे ‘हँडल’ म्हणतात, त्याकडेच वळावे. विळ्याला मूठ असते, कुऱ्हाडीला दांडा असतो आणि नांगराला रुमणे, ज्याला आमच्याकडे रुमनं म्हणतात. फाळ मातीत असतो, तो दिसत नाही, तरी बाबा रुमण्यावरच्या हाताने तास सरळ ठेवीत. आणि नांगर सोडायचा तोही रीतीने, कासरा तोडून नव्हे.

कपाशी: हे मला सर्वांत जवळचे वाटते. परंतु माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी आता ट्रॅक्टरच नांगरतो, त्यामुळे रुमणे म्हणजे काय हे आधी सांगावे लागेल.

थप्पी: आमच्या गावात खांबाला टेकवलेले एक रुमणे अजून आहे. फोटो पाठवू का?