मदत हवी आहे : मॉरेटानियाच्या जुन्या किटचं रेलिंग आणि धुरांड्यांचा लाल रंग

नमस्कार मंडळी. गिरगावात मामांच्या माळ्यावर एअरफिक्स कंपनीचं, मॉरेटानिया या प्रवासी बोटीचं प्लास्टिक मॉडेल जोडायचं जुनं किट सापडलंय, 1:600 मापाचं. जोडल्यावर साधारण 40 सेंमी भरेल. ही बोट 1907 मध्ये सेवेत आली, 1909 पासून 20 वर्षं अटलांटिकवर वेगात तिला तोड नव्हती. म्हणून नुसतं जोडून ठेवायचं नाहीये, जमेल तेवढं सुधारायचंय.

डेकवरचे, बोटीत हवा घेणारे मोठे कर्णे ही तिची खूण, तिच्या जोडीच्या लुसिटानिया बोटीपासून ती त्यावरूनच ओळखू येते. किटमधले कर्णे भरीव आहेत. बारीक हँड ड्रिलने तोंडं कोरायला घेतलीत, दोन छान जमलेत, सावली पडते आत!

अडलंय ते रेलिंगपाशी. खरं रेलिंग मीटरभर उंच, म्हणजे या मापात पावणेदोन मिलिमीटर. फोटो-एच (रसायनाने कोरलेली) पितळी पट्टी मुंबईत कुठे मिळते का? की लोहार चाळीतून बारीक तांब्याची तार आणून स्वतःच करावं? कुणी केलं असेल तर सोल्डर की सुपरग्लू, तेही सांगा.

हलचा (बोटीच्या मुख्य धडाचा) एक अर्धा भाग थोडा वाकलाय. गरम पाण्यात धरून सरळ करायचा, तर पाणी किती गरम चालेल? उकळतं नको असं वाटतं.

आणि धुरांडी! बोटीच्या मालक कंपनीचा, म्हणजे क्युनार्डचा लाल शेंदराकडे झुकतो, वर काळा पट्टा. कुठले रंग मिसळता? पावसाळी हवेत एअरब्रशमध्ये पाणी धरतं, तेव्हा ब्रशनेच रंगवू का?

फोटो असतील तर जरूर टाका.