ब्रंच 'केला' की 'केलं'? आणि 'उच्चभ्रू उपहारगृह' म्हणजे काय?

तलावपाळी :
सोसायटीच्या दिवाळी अंकाचं काम माझ्या गळ्यात आहे. घोडबंदर रोडला टीव्हीवरच्या एका नावाजलेल्या शेफचं रेस्टॉरंट निघालंय, त्यावर एका सभासदाने लेख दिलाय. पहिलंच वाक्य : "रविवारी आम्ही सेलिब्रिटी शेफच्या अपस्केल रेस्टॉरंटमध्ये ब्रंच केलं." मंडळातल्या काकांनी लाल पेनाने ते असं केलं : "रविवारी आम्ही सुप्रसिद्ध बल्लवाचार्यांच्या उच्चभ्रू उपहारगृहात न्याहारीभोजन घेतले." पहिलं वाचून मराठी कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि दुसरं वाचून खायची इच्छाच मरते. मधलं काही सुचवा. शिवाय ब्रंच केला की केलं, तेही सांगा.

ऐरोलीकर :
काकांना आधी एक काना द्या. उपहार म्हणजे भेटवस्तू, नजराणा. खायची जागा ती उपाहारगृह : उप अधिक आहार, म्हणजे हलकंफुलकं खाणं. पाट्यांवर हा काना सर्रास गळतो आणि आपण नजराणा समजून आत जाऊन बिल भरून येतो. पण सातआठ पदार्थ पुढ्यात येऊन दुपारी साडेतीनला माणूस उठतो तिथे 'हलकं खाणं' कसलं? तेव्हा काना देऊनही शब्द चुकतोच. रेस्टॉरंट राहू द्या.

केला की केलं : ज्यांच्या डोक्यात नाष्टा असतो ते 'केला' म्हणतात, ज्यांच्या डोक्यात जेवण असतं ते 'केलं'. माझी बायको अंडी आणि टोस्टवर थांबते, ती 'केला' म्हणते. मी पुढे बिर्याणीपर्यंत जातो, मी 'केलं' म्हणतो. बोलताना मात्र बहुतेक जण हा पेचच टाळतात : "ब्रंचला गेलो होतो." लग्नाला, नाटकाला, ब्रंचला. चतुर्थी लावली की लिंगाचा प्रश्न मिटला.

मात्रावेलांटी :
उच्चारातली एक गंमत. 'ब्रंचचा बेत' म्हणून पाहा. पहिला च चार-चहातला, दुसरा चाकातला. दोन वेगळे च एकापाठोपाठ, आणि जीभ न अडखळता म्हणते. 'ब्रंचची वेळ' म्हणालात की दोन्ही पुन्हा चहातलेच. परका शब्द आपलं व्याकरण इतक्या मुकाट्याने पाळत असेल तर त्याला हाकलायची घाई कशाला?

आता शब्दाबद्दल. 1895 मध्ये गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने एका साप्ताहिकात ब्रंचची वकिली केली. रविवारी चर्चहून आल्यावर जड जेवण कशाला, उशिरा उठा, चहाकॉफीने सुरुवात करा आणि सावकाश जेवणाकडे वळा, असा त्याचा मुद्दा. शनिवारी रात्री जागणाऱ्यांची सोय हाही त्यात होताच. ब्रेकफास्टचं डोकं आणि लंचची शेपूट जोडून शब्द झाला. इंग्रजीत हे तोडून जोडणं चालतं. मराठी शब्द असे फारसे तोडत नाही, अख्खेच शेजारी बसवते : चहापाणी, मीठभाकर, पोळीभाजी. म्हणून 'न्याजेवण', 'नाजेवण' असल्या जुळण्या जमत नाहीत. नाजेवण तर एकादशीला शोभेल.

आणि 'न्याहारीभोजन' छापलं तरी कोण बोलणार? बुफेला 'स्वरुचिभोजन' आहेच की. लग्नपत्रिकेवर जन्मतं आणि कार्यालयाच्या दारात संपतं. "चल, स्वरुचिभोजन घेऊ" असं हातात रिकामी ताटली धरून कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

सडेतोड कोकणी (मुक्काम कळवा) :
कशाला हवा नवा शब्द? आमच्या गावी सकाळी चहा होतो, शेतावरून आलं की साडेदहा-अकराला पेज, सोबत सुकं नाहीतर लोणचं. हाच ब्रंच. तुम्ही त्याचे हजारो मोजता एवढाच फरक.

मात्रावेलांटी :
पेजेबद्दल आदर ठेवून : पेज पिऊन दुपारचं जेवण चुकतं का? चुकत नाही. ब्रंचमध्ये दोन वेळा मोडून एक होते, पेजेमुळे मधे एक वाढते. वेळ एकच, हिशेब उलटा.

खाण्याच्या शब्दांची वेळ तशीही सरकत असते. नाष्टा फारसीतून आला. तिकडे 'नाश्ता' म्हणजे मुळात उपाशीपोटी. इराणात रक्त तपासायला 'नाश्ता' जायचं म्हणजे काही न खाता जायचं. आपल्याकडचा माणूस तिथे पोहे खाऊन हजर होईल. न्याहारीचं नातं फारसी 'नाहार'शी लावतात, त्याचाही जुना अर्थ उपाशी. अरबी 'नहार' म्हणजे दिवस, त्याच्याशी लावणारेही आहेत. इराणात आज नाहार म्हणजे चक्क दुपारचं जेवण. फ्रेंचांचंही तेच. उपास सोडणे असा मूळ अर्थ असलेला शब्द दुपारच्या जेवणावर गेला, मग सकाळसाठी त्याच्याआधी 'छोटा' जोडावा लागला. आपला फराळही फलाहारातून निघून चकलीपर्यंत आला. ब्रंच अजून लहान आहे, सरकेल.

तलावपाळी :
ब्रंच राहिला. (राहिलं?) आता बल्लवाचार्य आणि उच्चभ्रू.

ऐरोलीकर :
बल्लव हे अज्ञातवासात विराटाच्या घरी भीमाने घेतलेलं नाव. संस्कृतात बल्लव म्हणजे गवळी आणि स्वयंपाकीही. त्याला आचार्य जोडून वर्तमानपत्रांनी शेफसाठी शब्द पक्का केला. पण विचार करा, भीम बल्लव झाला तो ओळख लपवायला. आणि इथे शेफचा फोटो दारापासून बिलाच्या पाकिटापर्यंत. अज्ञातवासाचं नाव नेमकं सेलिब्रिटीला! आचारी म्हणायची सोय नाही, कारण आचारी म्हटलं की मांडवामागचं चुलाण आणि झारा डोळ्यांसमोर येतो.

सानपाडा लोकल :
हॉटेल लाइनमधला आहे म्हणून सांगतो. किचनमध्ये उतरंड असते : कॉमी म्हणजे शिकाऊ, मग सीडीपी म्हणजे एका विभागाचा शेफ, मग सू-शेफ म्हणजे उपप्रमुख, वर हेड शेफ. 'शेफ' हा फ्रेंच शब्द, अर्थ प्रमुख. इंग्रजी चीफ त्याचाच भाऊ. पण आमच्यात कांदा चिरणाराही वरच्याला "हो शेफ" म्हणतो आणि वरचाही कधी त्याला "शेफ, मागे गरम आहे" म्हणतो. अर्थ केव्हाच पातळ झाला. ज्याचं नाव पाटीवर असतं तो मेनू ठरवतो, वजनं ग्रॅममध्ये बांधून देतो, उद्घाटनाला आणि मेनू बदलताना येतो. रोजच्या ताटल्या आमची पोरं भरतात. त्यामुळे लेखात 'शेफच्या हातची चव' असं कुठे असेल तर काढा. 'शेफचं रेस्टॉरंट' बरोबर आहे.

तलावपाळी :
आहे. तिसऱ्या परिच्छेदात. मिसळीबद्दल : कट वेगळ्या किटलीत, फरसाण लाकडी फळीवर, मटकी वाटीत, आणि मिसळायचं काम आपलं.

सडेतोड कोकणी :
म्हणजे न मिसळलेली मिसळ. त्याला नाव सुचवू का?

तलावपाळी :
नको.

मात्रावेलांटी :
उच्चभ्रूकडे वळतो, कारण मला सगळ्यात जास्त तोच खटकतो. भ्रू म्हणजे भुवई. इंग्रजीतल्या हायब्राउचा अक्षरशः केलेला तर्जुमा, आणि तिकडे तो बुद्धीचा, अभिरुचीचा तोरा मिरवणाऱ्यासाठी. आपल्याकडे भुवई बुद्धीकडून पैशाकडे वळली : 'उच्चभ्रू वस्तीत घरफोडी', 'उच्चभ्रू सोसायटीत पाणीटंचाई'. अर्थ बदलला त्याची तक्रार नाही. तक्रार ही, की इमारतीला भुवई नसते. माणूस उच्चभ्रू असेल, फार तर वस्ती. रेस्टॉरंटला साधं 'महागडं' म्हणा, किंवा 'बड्या लोकांचं'.

परके शब्द पूर्वी आपण कसे वाकवले तेही पाहा. अरबी 'मतबख' म्हणजे स्वयंपाकाची जागा. त्याला फारसी खाना जोडला, मधे आपला 'पाक' घुसवला आणि केलं 'मुदपाकखाना'. ना अरबी, ना संस्कृत, पण तोंडात बसला. ते काम समित्यांचं नव्हे, खाणाऱ्यांच्या तोंडाचं.

तलावपाळी :
सगळ्यांचं ऐकून वाक्य असं झालंय : "टीव्हीवर दिसणाऱ्या शेफचं घोडबंदर रोडला जे महागडं रेस्टॉरंट निघालंय, तिथे आम्ही रविवारी ब्रंचला गेलो." काकांना दाखवलं. ब्रंचला त्यांची हरकत नाही, बल्लवाचार्यही नाइलाजाने सोडले. 'महागडं' तेवढं काढायचंय, कारण त्या रेस्टॉरंटची मागच्या पानाची जाहिरात मिळेल असं खजिनदारांना वाटतंय.

ऐरोलीकर :
मग 'ऐसपैस' लावा. खरं असो नसो, जाहिरातदार दुखावत नाही.

सानपाडा लोकल :
ऐसपैस नाहीये. दोन टेबलांमधून ट्रे काढताना जीव जातो. 'देखणं' लिहा.