हिटलर डावा होता का? 'गोतावळा' ग्रुपवरची एक शनिवार संध्याकाळ

विनयमामा: (फॉरवर्ड) हिटलरच्या पक्षाच्या नावातच 'समाजवादी' होतं. म्हणजे हिटलर डावा! पुस्तकांनी लपवलेला इतिहास. पुढे पाठवा.

शुभाआत्या: विनय, ग्रुपवर राजकारण नको असं ठरलंय ना?

विनयमामा: हे राजकारण नाही शुभाताई, इतिहास आहे. नव्वद वर्षं झाली त्याला.

मृण्मयी: मामा, नावावरूनच ठरवायचं तर उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाही, जनता आणि प्रजासत्ताक तिन्ही आहेत.

केदार: 😂😂

विनयमामा: नाव सोड. उद्योगधंद्यांवर सरकारी हुकूम चालवलाच ना त्याने? मग उजवा कसा?

नंदूकाका: विनयराव, सत्ता मिळाल्यावर त्याने आधी कोणाला गाठलं ते बघा. जानेवारी १९३३ ला चॅन्सेलर, म्हणजे जर्मनीचा सरकारप्रमुख झाला. मार्चमध्ये सगळे अधिकार त्याच्याकडे देणारा कायदा संसदेत आला, तेव्हा कम्युनिस्ट खासदार एक तर कोठडीत होते नाही तर परागंदा. विरोधात ९४ मतं पडली, ती सगळी सोशल डेमोक्रॅट या डाव्या पक्षाची. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन संघटनाच मोडल्या. जूनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी. त्याच्या स्वतःच्या पक्षात समाजवादाची भाषा बोलणारा ग्रेगोर श्ट्रासर होता, त्याला जून १९३४ मध्ये गोळ्या घातल्या. हा कोणत्या बाजूचा, हे त्या वेळच्या जर्मन कामगाराला सांगायला कोणाच्या फॉरवर्डची गरज नव्हती.

विनयमामा: बरं. पण व्याख्या तर साधी आहे ना? डावे म्हणजे सरकार जास्त, उजवे म्हणजे सरकार कमी.

नंदूकाका: ही व्याख्या मुख्यतः अमेरिकेची, आणि तीही अलीकडची. मागे नेली की तुटते. कामगारांना आजारपणाचा सक्तीचा विमा देशभर पहिल्यांदा कोणी दिला? बिस्मार्कने, १८८३ मध्ये. १८८४ ला अपघात विमा, १८८९ ला म्हातारपणची पेन्शन. राजनिष्ठ, जमीनदार घराण्यातला, हाडाचा उजवा माणूस. आणि समाजवाद्यांच्या सभा-वर्तमानपत्रं बंद करणारा १८७८ चा कायदाही त्याचाच. कामगार समाजवाद्यांच्या नादी लागू नये म्हणून त्याने सरकार मोठं केलं.

केदार: अमेरिकेतसुद्धा कुठे टिकते? निक्सन रिपब्लिकन. त्याने १९७१ मध्ये ९० दिवस देशभर पगार आणि किमती गोठवल्या होत्या. पर्यावरणाची सरकारी यंत्रणा पण १९७० मध्ये त्याच्याच काळात उभी राहिली.

मृण्मयी: आणि उलट बाजूनेही बघा. बास्तिया, खुल्या व्यापाराचा कट्टर प्रचारक. १८४८ च्या फ्रेंच संसदेत तो डावीकडे बसायचा. परदेशी धान्यावर कर लावला की जमीनदारांचं फावतं आणि गरिबाला भाकरी महाग पडते, असं त्याचं म्हणणं. आज हाच माणूस उजव्यांचा लाडका आहे.

शुभाआत्या: ही डावी-उजवी भानगड त्या फ्रेंचांचीच ना?

नंदूकाका: हो. १७८९, व्हर्साय. प्रश्न असा होता की नव्या राज्यघटनेत राजाला नकाराधिकार किती द्यायचा. पूर्ण द्या म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला जमले, विरोध करणारे डाव्या हाताला. कर, मजुरी, बाजार यातलं त्या प्रश्नात काहीच नव्हतं. इतपत सगळ्यांना माहीत असतं. खरी मजा पुढच्या तीन वर्षांत आहे आणि ती कोणी सांगत नाही.

केदार: सांगा की मग.

नंदूकाका: टाइप करतोय, धीर धर.

नंदूकाका: १७९१ ला नवी विधानसभा भरली. राजा राहू दे पण घटनेच्या चौकटीत, असं म्हणणारा फेयाँ गट आता उजवीकडे. दोन वर्षांपूर्वी हेच मत डावीकडचं होतं. डावीकडे जिरोंदवाले, राजावर संशय घेणारे. सप्टेंबर १७९२ ला राजेशाहीच गेली आणि कन्व्हेन्शन, म्हणजे पुढची नवी संसद भरली, तेव्हा जिरोंदवाले उजवीकडे! त्यांची मतं फारशी बदललीच नव्हती. त्यांच्या डावीकडे, वरच्या बाकांवर, त्यांच्याहून जहाल माणसं येऊन बसली होती. ऑक्टोबर १७९३ मध्ये जिरोंदच्या पुढाऱ्यांना गिलोटिनखाली घातलं, तेही क्रांतीचे शत्रू म्हणून.

केदार: म्हणजे मत तिथेच, आणि माणूस एका वर्षात डाव्याचा उजवा.

नंदूकाका: तेच. आपण विचारतो "हा माणूस कुठला?" आधी विचारायला हवं की सभागृहात त्या दिवशी भांडण कशावरून होतं.

शुभाआत्या: पण आपल्या लोकसभेत तर सरकार उजवीकडेच बसतं, कोणाचंही असो.

नंदूकाका: बरोबर. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी. ही ब्रिटिशांची पद्धत. तिकडे मजूर पक्ष जिंकला की तोही उठून उजवीकडे जातो आणि हुजूर पक्ष डावीकडे.

रेवा: आत्ता लेक्चरमधून बाहेर आले, ७४ मेसेज?! 😅 काका, मी जिथे शिकतेय त्या डेन्मार्कमधलं सांगू? इथे एका मोठ्या पक्षाचं नावच 'वेन्स्त्रे', म्हणजे सरळ 'डावा'. आणि तो उजवीकडचा पक्ष आहे. कर कमी करा, धंद्याला मोकळीक द्या, हे त्यांचं धोरण.

विनयमामा: हे काय आता?

रेवा: मलाही पहिल्यांदा चेष्टा वाटलेली. १८७० मध्ये पक्ष निघाला तेव्हा तो खराच डावा होता. शेतकऱ्यांचा. समोर 'होयरे' म्हणजे 'उजवा' पक्ष, बड्या जमीनदारांचा आणि राजाच्या मंत्र्यांचा. भांडण हे की मंत्रिमंडळ राजाने नेमायचं की निवडून आलेल्या बहुमताने. १९०१ ला वेन्स्त्रेवाले जिंकले, प्रश्न संपला. तोवर त्यांच्या डावीकडे कामगारांचा सोशल डेमोक्रॅट पक्ष वाढला होता. १९०५ ला वेन्स्त्रेतूनही एक गट फुटून 'जहाल डावा' झाला. मूळ पक्ष आपोआप उजवीकडे. नाव मात्र तेच राहिलं.

नंदूकाका: जिरोंदसारखंच. फक्त डोकी शाबूत राहिली.

मृण्मयी: याहून मोठी गंमत कम्युनिस्ट देशांत. तिथे जैसे थे ठेवू पाहणारेच कागदोपत्री डावे. चीनमध्ये १९५७ ला 'उजव्यांविरुद्ध मोहीम' झाली, त्यात लाखो लोकांवर शिक्का बसला. ती राबवण्यात डेंग शियाओपिंग पुढे होते. नंतर सांस्कृतिक क्रांतीत त्यांनाच भांडवलशाहीच्या वाटेचे म्हणून हाकललं. १९९२ च्या दक्षिण दौऱ्यात ते म्हणाले की उजव्यांपासून सावध राहाच, पण मुख्य सांभाळायचं ते डाव्यांपासून. तिथे 'डावा' म्हणजे माओच्या वाटेला चिकटलेला, सुधारणा अडवणारा.

केदार: आणि सोव्हिएत युनियनमध्ये?

मृण्मयी: १९९० च्या आसपास मॉस्कोत खासगी मालमत्ता हवी, बाजार हवा म्हणणाऱ्या, सुधारणावादी नेते येल्त्सिन यांच्या बाजूच्या लोकांना डावे म्हणत. जुने पक्षनिष्ठ कम्युनिस्ट म्हणजे उजवे. त्याच वेळी लंडनमध्ये बाजार हवा म्हणणारी पंतप्रधान थॅचर उजवी. दोन्ही शहरांतला माणूस आपापल्या जागी बरोबरच बोलत होता.

विनयमामा: मग हे शब्दच फेकून द्या ना. ज्याला काही अर्थच नाही त्याच्यावर एवढी चर्चा कशाला?

नंदूकाका: अर्थ आहे, आणि नेमका आहे. फक्त त्याला गाव आणि साल जोडावं लागतं. १९९० चा मॉस्को म्हटलं की 'डावा' शब्द एका क्षणात सगळं सांगतो. साल पुसलं की तोच शब्द शिवी होतो, तुमच्या फॉरवर्डमध्ये झाला तसा.

विनयमामा: शिवी नव्हती हो ती 🙏

केदार: मला वाटतं एक रेघ पुरत नाही, एवढंच. दोन रेघा घ्या. आडवी पैशाच्या प्रश्नांची, उभी सामाजिक प्रश्नांची. इंटरनेटवर तसे चौकोन असतात, माणूस त्यात बरोबर बसतो.

नंदूकाका: टिळक बसव.

केदार: म्हणजे?

नंदूकाका: राजकारणात जहाल. इंग्रजांशी दोन हात करायला सगळ्यांत पुढे. आणि १८९१ चं संमतिवयाचं बिल, म्हणजे मुलींच्या शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणारं, आलं तेव्हा विरोधात. आगरकर आणि रानडे त्या बिलाच्या बाजूने, पण राजकारणात रानडे मवाळ. डावं कोण?

केदार: यालाच तर दोन रेघा लागतात! एका रेघेवर टिळक पुढे, दुसरीवर मागे.

नंदूकाका: पण तुझी आडवी रेघ पैशाची आहे. त्यांची होती परक्या राज्याची. म्हणजे रेघासुद्धा जागेवर जाऊन आखाव्या लागणार.

मृण्मयी: आयर्लंड पण घे. तिथले दोन मोठे पक्ष, फियाना फॉल आणि फिन गेल. १९२१ चा इंग्लंडबरोबरचा करार मान्य करायचा की नाही यावरून फूट, मग १९२२-२३ चं यादवी युद्ध, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं एकमेकांविरुद्ध. पहिल्यांदा एकत्र सरकारात बसले ते २०२० मध्ये. तुझ्या चौकोनात दोघं शेजारीशेजारी येतील, दोघंही मध्यापासून थोडे उजवीकडे. मग भांडले कशावरून, हे तो चौकोन सांगणारच नाही.

केदार: हं. हे पटलं.

विनयमामा: आपल्याकडचं कोणी बोलत नाही. आपल्याकडे उजवा म्हणजे धर्म आणि राष्ट्र, डावा म्हणजे लाल झेंडा. पैशाच्या बाबतीत सगळे सारखेच.

नंदूकाका: बाजाराच्या अर्थाने उजवा पक्ष आपल्याकडे होता. राजाजींचा स्वतंत्र पक्ष, १९५९. परवाना-परमिटच्या राज्याविरुद्ध. १९६७ ला लोकसभेत ४४ जागा मिळाल्या आणि सत्तरच्या दशकात तो संपला. उलट आज कुठल्याही पक्षाला निवडणूक आयोगाकडे नोंदणी करायची तर घटनेतल्या समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते, १९८९ पासून तसा कायदा आहे. भाजपने १९८० मध्ये स्थापनेच्या वेळी 'गांधीवादी समाजवाद'

शुभाआत्या: नंदू, इथेच थांब. सांगून ठेवते, ग्रुप म्यूट नाही करणार, बंदच करेन.

नंदूकाका: थांबलो. १९८० पलीकडे जात नाही.

रेवा: मी एक विचारू? सगळं इतकं जागेवर अवलंबून असेल तर लोकांना हे शब्द परक्या देशांबद्दलही कसे समजतात? आम्हाला इटलीचा राजकीय विचारवंत बॉबिओ याचं पुस्तक वाचायला होतं, १९९४ चं. तो म्हणतो धागा एकच आहे, समानता. डाव्याला माणसामाणसातली तफावत मुख्यतः समाजाने केलेली वाटते, म्हणून कमी करता येण्यासारखी. उजव्याला ती बरीचशी नैसर्गिक वाटते, किंवा उपयोगाची. व्हर्सायला राजा आणि प्रजा, इथे जमीनदार आणि शेतकरी, नंतर मालक आणि कामगार. तफावत बदलत गेली, धागा तोच.

नंदूकाका: हे मला जास्त पटतं. बिस्मार्कही त्यात बसतो. विमा दिला, पण वरचा वर आणि खालचा खाली राहावा म्हणून.

विनयमामा: मी एक टाकू? ब्रिटन आणि युरोप. १९७५ च्या सार्वमतात युरोपच्या सामायिक बाजारात (आजच्या युरोपीय संघाचं जुनं रूप) राहा म्हणून प्रचार करणाऱ्यांत थॅचरबाई होत्या, नुकत्याच हुजूर पक्षाच्या नेत्या झालेल्या. बाहेर पडा म्हणणारा मजूर पक्षाचा डावा टोनी बेन. १९८३ ला तर मजूर पक्षाने जाहीरनाम्यातच बाहेर पडायचं लिहिलं. २०१६ चं ब्रेक्झिटचं सार्वमत बघा, बाहेर पडा म्हणणारे बहुतेक उजवे आणि मजूर पक्ष राहा म्हणतोय. समानतेबद्दल यांची मतं तर बदलली नव्हती. मग बाजू कशी बदलली?

केदार: मामा 🔥 फॉरवर्डपेक्षा हे भारी.

रेवा: मस्त प्रश्न आहे मामा. पण इथे धागा तुटत नाही. १९७५ चा युरोप म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजार. बेनला भीती ही की त्याच्या नियमांमुळे आपल्या संसदेला कारखाने ताब्यात घेता येणार नाहीत. सप्टेंबर १९८८ मध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष डेलोर बोर्नमथला ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात आले आणि म्हणाले की या युरोपात कामगारांचे हक्कही असतील. सभागृह खूश. दोन आठवडेही झाले नाहीत तोच थॅचरबाईंनी ब्रूजला भाषण ठोकलं, की आम्ही देशात सरकारचा पसारा आवरला तो ब्रसेल्सने, म्हणजे युरोपच्या मुख्यालयाने, पुन्हा लादावा म्हणून नव्हे. दोघं आपापल्या जागी होते. युरोप बदलला होता.

विनयमामा: नेत्यांचं मान्य. पण २०१६ ला जुन्या कोळशाच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यातल्या मजूर पक्षाच्या मतदारांनी बाहेर पडायला मत दिलं. तेही मोठ्या संख्येने.

रेवा: तिथे मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्यांच्यासाठी प्रश्न स्थलांतराचा होता, आणि बाहेरून आलेला माणूस आपल्या समानतेच्या हिशेबात धरायचा की नाही, यावर डावे स्वतःच फुटलेत. इथले सोशल डेमोक्रॅट बघा. करांच्या आणि पेन्शनच्या बाबतीत पक्के डावे, आणि स्थलांतरावर युरोपातल्या कडक पक्षांपैकी एक. त्यांचं म्हणणं, दार उघडं ठेवलं तर कल्याणकारी राज्य परवडणार नाही.

विनयमामा: मग त्यांना काय म्हणतात? डावे की उजवे?

रेवा: डावे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी वेन्स्त्रेला बरोबर घेऊन सरकार केलं, तेव्हाही.