मदत हवी आहे: कूबर पीडीत टायर गेला, उद्या उलुरूला निघायचंय

भटकभवानी
ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून एकटी निघालेय, आज कूबर पीडी या ओपलच्या खाणींच्या गावात मुक्काम. मागचा डावा टायर गेला, स्टेपनी लावली आहे. शनिवार असल्यामुळे टायरवाल्याचं दुकान दुपारीच बंद झालं. उद्या संध्याकाळपर्यंत उलुरूला (मध्य ऑस्ट्रेलियातला तो प्रचंड लाल खडक) पोचायचंय, तिथल्या बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत. स्टेपनीवर जाता येईल का? हो की नाही एवढंच सांगा. खोली जमिनीखाली आहे, रेंज नाही, दर वेळी वर येऊन बघावं लागतंय.

नटबोल्ट
हो-नाही सांगायला माहिती तर द्या. गाडी कुठली? स्वतःची की भाड्याची? स्टेपनी पूर्ण मापाची की बारीक? टायर तळाला पंक्चर आहे की बाजूला फाटलाय?

खडीसाखर
प्लग किट घ्या, पंधरा मिनिटांचं काम. भोक कानशीने साफ करायचं, चिकट दोरी सुईत ओवून आत ढकलायची, सुई झटकन ओढायची, उरलेली दोरी कापायची आणि हवा भरायची. उगाच लोक घाबरवतात.

भटकभवानी
भाड्याची कोरोला. स्टेपनी म्हणजे स्टेपनी, पिवळं स्टिकर आहे तिच्यावर. टायरला बाजूला बोटभर चीर गेलीये. आता सांगा.

नटबोल्ट
मग उत्तर नाही. पिवळं स्टिकर म्हणजे तात्पुरती बारीक स्टेपनी, तिची मर्यादा ताशी 80 किमी. कूबर पीडी ते मार्ला 233 किमी, तिथून कुल्गेरा साधारण 180, पुढे एर्लडुंडा 75, आणि तिथे डावीकडे वळल्यावर उलुरूजवळचं युलारा 245. म्हणजे सव्वासातशेच्या वर. 80 ने नऊ तास नुसतं चालवायचं, पेट्रोल आणि जेवण वेगळं. जुलैत साडेसहाच्या सुमारास अंधार पडतो आणि शेवटचा टप्पा नेमका कांगारू आणि मोकाट गुरांच्या वेळेला येतो. शिवाय ती स्टेपनी फुटली तर दुसरी नाही.
खडीसाखर, प्लग चालतो तो तळाच्या मधल्या भागात. बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, तिथे दोरी टिकत नाही आणि आतले धागे तुटलेले असतात. सीलंटचंही तेच.

खडीसाखर
मी सर्वसाधारण पंक्चरबद्दल बोलत होतो. आणि ताशी 80 ने हळू गेलं तर कोण अडवतंय? आपल्याकडे ट्रक महिनोन् महिने स्टेपनीवर चालतात.

नटबोल्ट
ती पूर्ण मापाची असते. इथे 110 ची मर्यादा आहे, पुढे नॉर्दर्न टेरिटरीत काही ठिकाणी 130. मागून 53 मीटर लांबीची रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक) येणार आणि तुम्ही 80 ने. ती तुम्हाला ओलांडायला किलोमीटरभर मोकळा रस्ता मागते.

प्रवासीपक्षी
ब्रोकन हिलला या, टायरची दुकानं भरपूर. खाणीचं गाव आहे, शनिवारीही कोणीतरी उघडतं. फक्त लक्षात ठेवा, राज्य न्यू साउथ वेल्स असलं तरी घड्याळ ॲडलेडचं चालतं.

रानवारा
प्रवासीपक्षी, ते नऊशे किमीच्या वर आहे, तेही उलट्या दिशेला.
ताई, आधी भाड्याच्या कंपनीच्या रस्ता-मदत क्रमांकाला फोन करा, करारावर किंवा किल्लीच्या बिल्ल्यावर असतो. परवानगी न घेता स्वतः टायर बदललात तर पावतीचे पैसे मिळतीलच असं नाही. बेसिक विम्यात टायर आणि काचा बहुधा नसतात. बोलण्याचा संदर्भ क्रमांक मागून घ्या. बाजूला चीर म्हणजे बहुतेक खडीचं काम. कच्च्या रस्त्यावर गेला होतात का? ब्रेकअवेज टेकड्यांकडे?

भटकभवानी
ब्रेकअवेजला सूर्यास्त बघायला सगळेच जातात. माझा प्रश्न टायरचा आहे.

रानवारा
प्रश्न टायरचाच आहे. बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू होत नाही, म्हणून विचारलं. फोनवर खोटं सांगू नका, त्यांनी विचारलं तेवढंच सांगा.

शुक्रतारा
कूबर पीडीत आहात तर ओपल नक्की घ्या. शुक्राचं रत्न, वृषभ आणि तूळ राशीला उत्तम. चांदीत, शुक्रवारी घालायचं. रास कोणती?

गारगोटी
रास राहू द्या, दगड बाजूने बघा. वरचा पारदर्शक घुमट वेगळा दिसला तर ट्रिप्लेट: वर काच किंवा क्वार्ट्झ, मध्ये ओपलचा पापुद्रा, खाली काळा थर. वरचा घुमट नाही पण खाली सरळ सांधा दिसला तर डबलेट. अंगठीत बसवल्यावर हा सांधा लपतो, म्हणून सुटा दगडच बघायला मागा. डबलेट-ट्रिप्लेट पाण्यात भिजवत ठेवू नका, डिंक सुटून दूध सांडल्यासारखा डाग येतो. कूबर पीडीचा माल बहुतेक पांढऱ्या जातीचा. काळ्यासाठी प्रसिद्ध न्यू साउथ वेल्समधलं लाइटनिंग रिज. तो काळा म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर तो ट्रिप्लेट समजा.

भटकभवानी
मला ओपल नकोय. टायर हवाय.

घाटपायथा
ट्रेन पकडा की. ॲडलेड-डार्विन घान गाडी तिथूनच जाते.

रानवारा
घान मंगुरीला थांबते, गावापासून चाळीसेक किमीवर, तेही तिच्याच प्रवाशांच्या सहलीसाठी. तिथे टायर मिळत नाही. आणि भाड्याची गाडी सोडून जाणार कुठे?

नटबोल्ट
कामाचं बोलू. आजच करा:
टायरच्या कडेवरचा आकडा फोटोसकट लिहून ठेवा. 205/55 R16 91V असा काहीतरी असेल. सोमवारी दुकानात हेच विचारतील. हे माप शिल्लक नसेल तर बाहेरून मागवायला एक-दोन दिवस जातात, म्हणून उद्याच व्हॉइसमेलवर माप सांगून ठेवा. नुसतं "कोरोलाचा टायर" म्हणू नका.
बारीक स्टेपनीत हवा 60 पीएसआय लागते, नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. डिकीत वर्षानुवर्षं पडून ती बहुधा कमी झालेली असते. पेट्रोल पंपावर थंड असताना तपासा. ती मागे लागली हे बरं, ओढणारी चाकं पुढची आहेत.
नट पायाने दाबून आवळले असतील तर पुन्हा बघा. आडवे-तिडवे क्रमाने आवळायचे, साधारण 100 न्यूटन मीटर. नवा टायर बसवल्यावरही 50 ते 100 किमीवर थांबून एकदा पाना फिरवायचा. वातावरणाने नट सैल होत नाहीत, रिम आणि हबच्या मध्ये धूळ अडकते म्हणून होतात. कच्च्यातून आल्यावर तर हमखास.

रानवारा
उद्या गावातच राहा. उमूना खाण-संग्रहालय बघा, जमिनीखालचं सर्बियन चर्च बघा, दोन्ही जवळ आहेत. रविवारच्या वेळा आधी विचारून घ्या. खणून टाकलेल्या ढिगाऱ्यांकडे एकटीने भटकू नका. जुन्या खाणींची भोकं उघडी असतात, कडेला कुंपण नाही. फोटो काढताना मागे मागे सरकायचं नाही, तशी पाटीच आहे. ओपल शोधायची हौस असेल तर ज्युवेलर्स शॉप रोडची सार्वजनिक जागा आहे.

भटकभवानी
कंपनीचा फोन लागला. सोमवारी सकाळी दुकानाला ते स्वतः सांगतील, तोवर गाडी गावातच ठेवायची. युलाराच्या हॉटेलने तारीख पुढे ढकलली, थोडा फरक भरायचा. माप 205/55 R16 च निघालं. आणि नट खरंच सैल होते, दोन तर हाताने फिरत होते.

नटबोल्ट
सोमवारी टायर बसला की फाटलेला टायर दुकानात टाकून येऊ नका, कंपनीला फोटो हवे असतात. बारीक स्टेपनी परत डिकीत ठेवताना तिचीही हवा भरून ठेवा. मार्लाला टाकी भरा, मध्ये कॅडनीच्या पेट्रोल पंपावर अवलंबून राहू नका, उघडं आहे का हे गावातच विचारा. वाटेत रेंज फक्त वस्तीपाशी, आणि ती प्रामुख्याने टेलस्ट्रा कंपनीची.

खडीसाखर
तरी प्लग किट सोबत असू द्या. तळाला खिळा लागला तर मला आठवाल.

घाटपायथा
ताई, खाली खोलीत गरम होतं का हो? आम्हाला डिसेंबरात जायचंय, सोबत सासूबाई आहेत.

गारगोटी
खाली वर्षभर साधारण 23 ते 25 अंश. वर डिसेंबरात काही दिवस 40 च्या पुढे. सासूबाईंना जिन्याच्या पायऱ्या जमतात का तेवढं विचारून बुक करा. काही ठिकाणी डोंगराच्या कुशीत सरळ आत चालत जाता येतं, काही ठिकाणी खाली उतरावं लागतं.