मदत हवी आहे: वसईतलं छापील कॅथलिक मासिक वाचकांच्या पैशावर कसं टिकवायचं?

नमस्कार मंडळी,

वसईत आम्ही काही जण मिळून एक मराठी कॅथलिक मासिक काढतो. फादर-सिस्टर कुणी नाही, सगळे नोकरी नाहीतर वाडी सांभाळून काम करणारे प्रापंचिक. 'निरोप्या' 1903 पासून निघतंय, 'सुवार्ता' संपादक फादर दिब्रिटोंच्या काळात ख्रिस्ती नसलेल्या घरांतही वाचली जायची, ही मासिकं वाचतच आम्ही मोठे झालो. पण त्यांच्यामागे संस्था आहे आणि आमच्यामागे फक्त वर्गणीदार, त्यामुळे चर्चच्या कारभारावर, गावच्या विहिरींवर, विकल्या जाणाऱ्या जमिनींवर आम्ही मोकळेपणाने लिहू शकतो आणि तेवढ्यासाठीच हे मासिक हवं असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण. पूर्वी नाताळ अंकाच्या जाहिरातींवर अर्धं वर्ष निघायचं. केटरर, हॉलवाले, डेकोरेशनवाले आता इन्स्टावर गेले, राहिल्या त्या श्रद्धांजलीच्या जाहिराती. कागद आणि छपाई दर वर्षी वर जातेय. सगळ्यात मोठं ओझं म्हणजे आजीव वर्गणीदार. जुन्या मंडळाने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एकरकमी पैसे घेतले, ते कधीच खर्च झाले, आणि आज अर्ध्याहून जास्त अंक त्याच पत्त्यांवर जातात, गास, नंदाखाल, आगाशी, भुईगाव सगळीकडे. काही ठिकाणी मूळ वर्गणीदार वारले, मुलगा कॅनडात, पण घरी म्हातारी आई आहे आणि ती संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाली की अंक घेऊन बसते, तिचा अंक बंद करायला हात धजत नाही. अशा लोकांकडे परत पैसे मागायचे तर कुठल्या शब्दांत? शब्द दिलाय तो मोडायचा नाहीये, फक्त ज्यांना जमेल त्यांनी द्यावं एवढंच म्हणायचंय.

यात एका बिल्डरने वर्षभराची सगळी छपाई उचलायची तयारी दाखवलीय, बदल्यात मागचं कव्हर. माणूस वाईट नाही, पण उद्या हरित पट्ट्यावर लिहायची वेळ आली तर आमचा हात अडेल हे आम्हाला आत्ताच दिसतंय. मंडळात यावर दोन तट आहेत. माझं मत स्पष्ट आहे, एका मोठ्या देणगीपेक्षा शंभर छोट्या बऱ्या, पण त्या आणायच्या कशा?

डोळ्यांपुढे उदाहरण आहे ते न्यूयॉर्कच्या 'कॅथलिक वर्कर'चं. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी 1 मे 1933 ला, ऐन मंदीत सुरू केलं, किंमत एक सेंट, आजही एक सेंटच. जाहिराती घेत नाहीत, वर्षातून दोनदा वाचकांना साधं पत्र लिहून मदत मागतात. अर्थात तिथे अंकाबरोबर गरिबांचं जेवण-निवाराही चालतो, नुसत्या मासिकासाठी आपल्याकडे लोक देतील का? आगमनकाळात (नाताळच्या आधी) एक आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरच्या आधी) एक असं पत्र काढायचा विचार आहे, रविवारच्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) चर्चच्या आवारात टेबल मांडायला पॅरिश कौन्सिलची (चर्चच्या स्थानिक मंडळाची) परवानगी मिळाली तर तिथेही.

पोस्टाचा वेगळाच पेच. खर्च वाचवायला द्वैमासिक करा असं खूप जण सुचवतात, पण रजिस्टर्ड वृत्तपत्राची टपाल सवलत हवी तर दोन अंकांत 31 दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. म्हणजे छपाईत वाचवलेलं टपालात घालायचं. सवलत सोडून गावागावात हातोहात वाटप कोणी केलंय का? आमच्याकडे प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) एखादा प्रतिनिधी मिळेल, पण तो टिकतो कसा?

आणि हे कोणी सीए किंवा वकील असेल तर प्लीज सांगा. परदेशातले आपले लोक द्यायला तयार आहेत, पण एफसीआरए 2010 (परदेशी देणग्यांवरचा कायदा) च्या कलम 3 प्रमाणे नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादक-मालक-प्रकाशकाला परदेशी देणगी घेताच येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलं तर ती परदेशी धरत नाहीत, पण नागरिकत्व बदललेल्याची धरतात, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी. वस्तूची रीतसर किंमत देणगीत मोडत नाही. मग अशांकडून नेहमीच्या पाचपट 'सहयोग वर्गणी' पावती देऊन घेतली तर ती किंमत की देणगी? यात चूक झाली तर मासिकच बंद पडेल, म्हणून अंदाजाने उत्तर देऊ नका.

पीडीएफ आम्ही करून पाहिली, व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि तिथेच पडून राहते, पैसे तर कोणीच देत नाही. छापील अंक निदान घरात चार हातांत फिरतो. पुढची पिढी इंग्रजी माध्यमातली आहे, त्यांच्यासाठी सामवेदी आणि वाडवळी या इथल्या बोलींतलं एक पान सुरू करतोय, घरात बोलतात तेच छापलेलं दिसलं तर उचलतील अशी आशा आहे.

तुमच्यापैकी कोणी ज्ञातीचं मासिक, छोटा दिवाळी अंक, लघुनियतकालिक चालवलं असेल तर आजीव वर्गणीदारांना लिहिलेल्या पत्राचा मजकूर इथे टाकाल का? नाताळ अंक छापायला जायच्या आत आमचं पत्र तयार व्हायला हवं, त्याच अंकात घालून पाठवायचं आहे.