नवीन शेड पहिल्याच पावसात गळतंय, उरलेले पैसे द्यायचे का?

म्हसरूळची ताई
नाशिकला, म्हसरूळमध्ये आमचा छोटा बंगला आहे. स्लॅब जुना, दर पावसाळ्यात ओल यायची, म्हणून एप्रिलमध्ये गच्चीवर कलर कोटेड पत्र्याचं शेड करून घेतलं. एक लाख साठ हजारांत काम ठरलं, त्यातले पंचवीस हजार द्यायचे राहिलेत.

वळवाच्या पावसातच पोल खुलली. सरळ पाऊस असला तर थेंब नाही. पण पश्चिमेकडून, मखमलाबादच्या बाजूने वारा सुटला की पत्र्यांच्या जोडातून धार लागते. भिंतीकडून नाही, मधूनच. कुरडयांचे डबे, गाद्या सगळं एका कोपऱ्यात रचून ठेवलंय.

शेड करणारा फॅब्रिकेटर आला, सिलिकॉनची ट्यूब फासून गेला. पुढच्या पावसात तेच. वर म्हणतो, "मॅडम, नवीन शेड आहे, सेट व्हायला एक पावसाळा जातोच." शेड आहे का नवी सून, रुळायला वेळ द्यायला? आणि बाकीसाठी रोज फोन. आमचे हे म्हणतात देऊन टाक, कटकट नको. मी काही देणार नाही. पण काम नक्की कुठे चुकलंय ते मला त्याच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे.

अंबडचा फॅब्रिकेटर
ताई, सेट व्हायला ती काय विहीर आहे? पहिल्या दिवसापासून गळता कामा नये.

तुम्ही सांगताय त्यावरून पत्रे उलट्या बाजूने चढवलेत असं वाटतं. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पत्रा पूर्वेकडून लावत यायचं, म्हणजे वरच्या पत्र्याची मोकळी कड पूर्वेला राहते आणि वारा तिच्यात शिरत नाही. पोरांना ज्या बाजूला शिडी सोयीची, तिकडून ती सुरुवात करतात.

दुसरं, खालून वर बघा. स्क्रूचं टोक पत्र्याखालच्या आधाराच्या पाइपात न जाता बाजूला नुसतं हवेत लोंबतंय का? तो स्क्रू चुकलेला, तिथे पत्र्याला भोक आहे आणि पकड शून्य. वरून काळं रबर वॉशर चेपून बाहेर आलं असेल तर ड्रिल जास्त दाबलंय, उन्हाने ते लवकर फाटतं. उतारही मोजा, दहा फुटाला फूटभर तरी हवा. पत्रा जागेवर ग्राइंडरने कापला असेल तर ठिणग्या पडल्या तिथे गंजाचे ठिपके दिसतील. पत्र्याच्या खालच्या अंगाला बऱ्याचदा कंपनी आणि जाडी छापलेली असते, ती कोटेशनशी ताडून बघा.

ओल्या पत्र्यावर मात्र कुणी चढू नका. कोरड्यातही पाय स्क्रूच्या ओळीवरच.

सिडकोवाला
एवढं कशाला? वरून वॉटरप्रूफिंगचा रंग मारा, मी मारलाय.

अंबडचा फॅब्रिकेटर
दादा, जोड उलटा असेल तर रंग किती दिवस टिकणार? पत्रा उन्हाने रोज ताणतो-आखडतो, जोडावरचा रंग आधी तडकतो.

इंदिरानगर
ताई, फोनवर बोलणं बंद करा. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: कुठे गळतंय, कधीपासून, कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्त करणार. सोबत व्हिडिओ. दुसऱ्या कुणाला हात लावू देण्याआधी सगळे फोटो काढून ठेवा, नाहीतर तो म्हणेल त्यानेच बिघडवलं.

पक्कं बिल नसेल तरी घाबरू नका. कोटेशनचे मेसेज आणि खात्यातून गेलेले पैसे हाही पुरावाच. तरीही ऐकला नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार सेवेतल्या त्रुटीची तक्रार दोन वर्षांत करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घेतलात तर वजन पडतं. तारखा पडतात हेही सांगून ठेवते, म्हणून हातातले पंचवीस हजार हेच तुमचं खरं शस्त्र.

म्हसरूळची ताई
भाच्याला खालून टॉर्च मारायला लावली. पश्चिमेकडच्या पाइपाला लागून स्क्रूंची अख्खी ओळच हवेत! एका टोकावर पाण्याचा थेंब तसाच लटकलेला. आणि हो, सगळ्या जोडांच्या कडा मखमलाबादकडे तोंड करून.

फोटो पाठवले, लिहिलं. दुपारपर्यंत गप्प, मग स्वतःच आला. पत्रे उचलून फिरवून लावतो म्हणाला. अंबडचे दादा, जुनीच भोकं वापरली तर चालेल का?

अंबडचा फॅब्रिकेटर
पत्रा फिरवला की जुनी भोकं जुळतीलच असं नाही. जुळली तिथे जाड स्क्रू, नव्या वॉशरसकट. उघडी राहिली तर सिलिकॉनवर भागवू देऊ नका, तो पत्रा बदलून मागा. काम झाल्यावर नळी लावून पाणी सोडा, पण खालच्या कडेपासून वर सरकत. एकदम वरून सोडलं तर कुठून आलं ते कळत नाही.

म्हसरूळची ताई
रविवारी येतोय. म्हणाला, "नळीचं पाणी टाकून बघा आणि लगेच पैसे द्या." मी म्हटलं, आधी नळी, मग एक आडवा पाऊस, मग पैसे. तसं लिहूनच पाठवलंय. त्याचा अंगठा आलाय.