यूपीव्हीसी खिडकीचं हँडल नुसतं फिरतंय, पल्ला लटकलाय – पूर्ण खिडकी न बदलता दुरुस्ती होईल का?

नमस्कार मंडळी, जरा डिटेलमधे लिहितोय कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरं पण अर्धवट मिळतात.

खारघरला ९व्या मजल्यावर फ्लॅट आहे, बिल्डिंग साधारण १२ वर्षं जुनी, खिडक्या बिल्डरने बसवलेल्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या. हॉलमधे स्लायडिंग, दोन्ही बेडरूममधे बाहेर उघडणारे पल्ले आणि किचनमधे वरून टांगलेला, खालून बाहेर ढकलायचा छोटा पल्ला. प्रोफाइलला, म्हणजे फ्रेम-पल्ल्याच्या प्लास्टिकला, काही झालं नाहीये, काचा ठीक, पण हार्डवेअरने मात्र मान टाकलीये.

मोठ्या बेडरूमचं हँडल गोल गोल फिरतं, पल्ला लॉकच होत नाही. आधी वाटलं हँडल गेलं म्हणून त्याच्या खालची पट्टी फिरवून दोन स्क्रू काढले, आतला चौकोनी स्पिंडल बघितला तर तो ७ एमएमचा आहे आणि कडा शाबूत आहेत. मग स्पिंडल नुसता भोकात घालून पक्कडीने फिरवून बघितला, आतून कट्ट कट्ट आवाज येतो पण पल्ल्याच्या कडेला जी लांब पट्टी आहे तिच्यावरचे रोलर जागचे हलत नाहीत. म्हणजे हँडल चांगलं आहे आणि मधला गिअर तुटलाय असं मी समजतोय, बरोबर आहे का? सध्या पल्ला आतून नायलॉनच्या दोरीने बांधून ठेवलाय.

दुसऱ्या बेडरूमची तऱ्हा वेगळी. तिथे लॉक लागतं पण पल्ला हँडलच्या बाजूने खाली आलाय, बंद करताना खालचा कोपरा फ्रेमवर घासतो, हाताने उचलून धरला तरच बसतो. वारा आला की धाडकन आपटतो पण. किचनचा पल्ला उघडा राहतच नाही, सोडला की बंद.

ज्यांना बोलावलं त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं की या सेक्शनचं हार्डवेअर आता येत नाही, तिन्ही खिडक्या फ्रेमसकट बदला. फ्रेम काढायची म्हणजे बाजूचं प्लास्टर, टाइल, बाहेरचं सिलिकॉन सगळं उकरणार आणि पावसाळा तोंडावर आलाय. चांगली फ्रेम आणि चांगली काच भंगारात टाकायची हे मनाला पटतच नाही हो.

आणि घाई एवढ्यासाठी की आमच्याकडे बाहेरून ग्रील नाही, सोसायटी लावू देत नाही, आणि बरोबर खाली मुलांची खेळायची जागा आहे. पल्ला २ बाय ४ फुटाचा, काच ५ एमएम. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर एमएम जाडीला अडीच किलो धरतात, म्हणजे नुसती काचच सव्वानऊ किलोच्या आसपास झाली, वर प्रोफाइल आणि आतलं लोखंड वेगळं. हे सगळं दोन पत्र्याच्या बिजागऱ्यांवर लटकलेलं आहे. बायको मुलीला त्या खोलीत खिडकीजवळ जाऊ देत नाही आणि तिचं बरोबरच आहे.

तर नुसता गिअर मिळतो का की पूर्ण रॉड, म्हणजे ती रोलरवाली लांब पट्टी, घ्यावी लागते? बिजागऱ्या कोणत्या मापाच्या घ्यायच्या? आणि इतक्या उंचावर हे काम आतून होतं का? मुंबई-नवी मुंबईत पार्ट कुठे मिळतील तेही सांगा.

प्रतिसाद

दादा, नाशिकला फॅब्रिकेशनचं काम आहे माझं, यूपीव्हीसी आणि अॅल्युमिनियम दोन्ही. तुमचं निदान बरोबर आहे. गिअर तुटलाय, त्यातला चौकोनी भोकाचा भाग ओतीव मझॅकचा (जस्ताच्या मिश्रधातूचा) असतो, लॉक जड चालायला लागलं की लोक जोर लावतात आणि तो तडकतो. आणि लॉक जड का होतं, तर पल्ला खाली आल्यामुळे रोलर समोरच्या कीपमधे (फ्रेमवरचा तुकडा, ज्यात रोलर अडकतात) सरळ जात नाहीत. म्हणून आधी तो पल्लाही लटकलाय का ते बघा, नाहीतर नवा गिअरही तसाच जाईल.

गिअर आणि रॉड साधारण एकत्रच येतात. पल्ला उघडा, कडेच्या पट्टीचे स्क्रू काढा, पूर्ण पट्टी बाहेर येते. तीन मापं लिहून घ्या : पट्टीची लांबी, रोलर गिअरपासून किती अंतरावर आहेत, आणि बॅकसेट म्हणजे पट्टीच्या पृष्ठभागापासून स्पिंडलच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे बहुतेक २०, २२ किंवा २५ एमएम असतं. बॅकसेट चुकला तर हँडलची भोकं जुळत नाहीत, बाकी रोलर थोडे इकडेतिकडे असले तर कीप सरकवता येते. कंपनी तीच हवी असं काही नाही, माप जुळलं की झालं.

आता बिजागरी. आम्ही हिला फ्रिक्शन स्टे म्हणतो. बाजूला उघडणाऱ्या पल्ल्याची वेगळी आणि वरून टांगलेल्या पल्ल्याची वेगळी, दिसायला सारख्या पण हाताची रचना निराळी, दुकानात स्पष्ट सांगा. माप हातांचं नाही, ट्रॅकच्या पट्टीचं घ्यायचं, ८, १०, १२, १६ इंच अशा येतात. दुसरं माप मिटलेल्या अवस्थेतली जाडी, ती १३ किंवा १७ एमएम. १३च्या जागी १७ लावली तर पल्ला बंदच होणार नाही, आणि १३ लावली तिथे १७ची जागा असेल तर रबर दाबलं जाणार नाही, पावसात पाणी आत येईल. घेताना जोडी घ्या, एकच बदलायची नाही.

एक गोष्ट आधी करून बघा, स्लायडरवर, म्हणजे बिजागरीच्या ट्रॅकमधे सरकणाऱ्या तुकड्यावर, छोटा पितळी स्क्रू असेल तर तो थोडा थोडा आवळा. वाऱ्याने आपटणं आणि किचनचा पल्ला न टिकणं याने बऱ्याचदा थांबतं. सगळ्याच मॉडेलला तो नसतो. पण त्या स्लायडरला तेल लावू नका, घर्षणावरच पल्ला थांबतो. सांध्यांना सिलिकॉन स्प्रे चालेल.

प्रतिसाद

वरच्या दादांच्या बोलण्यात एक जोड. मी इंग्लंडात लीड्सला राहते, इथे घरोघरी यूपीव्हीसी खिडक्या आहेत आणि बिजागरी किंवा हँडल गेलं म्हणून कोणी फ्रेम काढत नाही, हे पार्ट सर्रास सुटे मिळतात. आमच्या हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ४३ एमएम आणि स्पिंडल ७चा, तुमचंही तेच निघेल बहुतेक, मोजून बघा.

पण मुख्य मुद्दा : पल्ला लटकला म्हणजे बिजागरीच गेली असं नसतं! काचेच्या कडेला प्लास्टिकचे छोटे पॅकर असतात, त्यांनी काच पल्ल्यात तिरकी ताणून धरलेली असते. खाली बिजागरीच्या बाजूला एक आणि वर हँडलच्या बाजूला एक, म्हणजे पूर्ण वजन काचेमार्फत खालच्या बिजागरीकडे जातं. पॅकर सरकले की चौकोनाचा समांतरभुज होतो आणि हँडलकडचा कोपरा खाली येतो. आतली बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) काढून नीट पॅकर भरले तर आमचा पल्ला जुन्याच बिजागऱ्यांवर सरळ झाला. काचेचं काम आहे, हातमोजे घालूनच.

प्रतिसाद

यूपीव्हीसीचं मला कळत नाही पण धागा बघून लिहितेय. दादरला आमच्या जुन्या बिल्डिंगमधे लोखंडी झेड सेक्शनच्या खिडक्या आहेत, पितळी हँडलवाल्या, बिजागऱ्या बाहेर आलेल्या, त्यामुळे हात घालून बाहेरची काच आतून पुसता येते. हँडलचं नाक झिजून पल्ला खडखडायला लागला तेव्हा सगळ्यांनी अॅल्युमिनियम स्लायडिंग करा असंच सांगितलं. सासऱ्यांनी ऐकलं नाही. नाकावर पितळेचा भराव टाकून घासून घेतलं, एका बिजागरीची पिन नवीन घातली, आणि खिडकी पूर्ण उघडते अजून. स्लायडिंगला अर्धीच जागा वाऱ्याला मिळते, मुंबईत हे फार महत्त्वाचं आहे. फक्त वेल्डिंग करायचं असेल तर काच आणि लांबी (पुट्टी) आधी काढायची, नाहीतर काच तडकते. सुट्या हार्डवेअरसाठी नागदेवी स्ट्रीटला जुना पार्ट हातात घेऊन जा, फोटोवर नाही होत.

प्रतिसाद

पुण्यातल्या कोणाला हवं असेल तर बोहरी आळीत विचारा. आणि खाडीजवळ राहता तर बिजागरी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचीच घ्या, मिळाली तर ३१६. चुंबक लावून बघतात लोक, चिकटलं तर ४३० समजायचं, पण न चिकटणारं सगळं ३०४ नसतं, २०२ पण चिकटत नाही आणि ते खाऱ्या हवेत गंजतं. बिलावर ग्रेड लिहून मागा. स्क्रू पण स्टेनलेसचेच, बिजागरी चांगली आणि स्क्रू साधे असं असेल तर स्क्रूच आधी कुजतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच खूप हलकं वाटलं. पट्टी बाहेर काढली. गिअरचा मधला भाग सरळ दोन तुकडे झालाय. हँडलचे स्क्रू ४३वर आहेत, लीड्सच्या ताईंचं बरोबर निघालं. बिजागऱ्या बेडरूमला १२ इंची, जाडी १३, किचनला १० इंची. किचनच्या बिजागरीला पितळी स्क्रू सापडला, आवळला, पल्ला आता टिकतोय! दुसऱ्या बेडरूमची बीडिंग काढली तर वरचा पॅकर खाली घसरून पडलेला, ते काम आता माणूस बोलावूनच करून घेतो.

नाशिकच्या दादांना दोन प्रश्न. बॅकसेट मोजतोय तर २४ येतंय, मधलंच काहीतरी, २२ घेऊ की २५? आणि बिजागऱ्या बदलताना पल्ला आत घ्यायचा कसा, तो तर फ्रेमपेक्षा मोठा आहे.

प्रतिसाद

तुम्ही बहुधा पट्टीच्या मागच्या बाजूपासून मोजताय, पट्टीच्या वरच्या पृष्ठभागापासून, म्हणजे जी बाजू पल्ला उघडल्यावर दिसते तिथून धरा, पट्टीची जाडी धरून २५ होईल. तरी जुना तुकडा बरोबर न्याच.

पल्ला आडवा-तिरका करून आत येतो, सरळ येत नाही. माणसं दोन पाहिजेत, एकाने नुसता धरायचा. स्क्रूला हात लावायच्या आधी पल्ल्याला पट्टा बांधून त्याचं दुसरं टोक खोलीत कशाला तरी पक्कं बांधा, बेडच्या पायाला नको, दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून त्याला बांधा. वारा नसलेली सकाळ बघा आणि खाली वॉचमनला सांगून ती जागा तेवढा वेळ रिकामी करून घ्या. जुनी भोकं सैल झाली असतील तर नवी बिजागरी थोडी सरकवून ताज्या जागी, आतल्या लोखंडात स्क्रू जाईल अशी बसवायला सांगा. बसवणारा नुसत्या प्लास्टिकमधे स्क्रू मारत असेल तर तिथेच थांबवा त्याला.